अदनपलीकडच्या हरणाचं लोणचं

लोक शिकारीला जातात आणि येताना कातडी आणतात, शिंगं आणतात, काहीच नाही तर निदान थापा आणतात. मी अदनच्याही पलीकडे जाऊन आलो, अख्खा हिवाळा हरणांच्या मागे घालवला, आणि घरी आणली लोणच्याची एक बरणी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला पुढचं नीट सांगता येईल.

तेव्हा मी ठाण्याला कलेक्टर कचेरीत कारकून होतो. घर तलावाच्या मागच्या अंगाला. घरात दादा म्हणजे माझे वडील, आई, माझी बायको आणि मी. आम्ही प्रभू मंडळी. लेखणी आणि मटण, दोन्ही आम्हाला सारखीच प्रिय. त्यातलं पहिलं पोटासाठी आणि दुसरंही पोटासाठीच, असं आई म्हणायची.

आमच्या कचेरीत एक तरुण साहेब होता. त्याला शिकारीचा नाद म्हणजे केवढा! दौऱ्यावर शहापूर-मुरबाडकडे गेलो की कामाचे कागद तंबूत आणि हा डोंगरात. त्याचा बटलर रोज काहीतरी पांढरं, उकडलेलं त्याच्या पुढ्यात ठेवायचा. एकदा मी माझ्या तंबूमागे सोड्याची खिचडी टाकली होती. सोडे म्हणजे सुकवलेली कोलंबी. वास असा की मेलेला माणूस उठून ताट मागेल. साहेब वासामागे आला, उभ्याउभ्या खाल्ली, आणि त्या दिवसापासून बटलरचा आणि माझा उभा दावा सुरू झाला.

पुढे साहेबाला लांबलचक रजा मिळाली. अरबस्तानातल्या अदन बंदराच्या समोर, समुद्राच्या पल्याड सोमाली लोकांचा मुलूख आहे. तिथे तऱ्हेतऱ्हेची हरणं आहेत, असं त्यानं कुठेतरी वाचलं होतं. मला बोलावून म्हणाला, "तू चल माझ्याबरोबर. कागदपत्रं तू सांभाळ, आणि जेवणही तूच बघ." बटलरला त्यानं सुट्टी देऊन टाकली.

आता आजकालच्या मुलांना यात अडचण काय तेच कळणार नाही. त्या वेळी समुद्र ओलांडणं म्हणजे जातीला मुकणं. परत आलं की लोक पंगतीला घेत नसत, घरी पाणी पीत नसत, पोरांची लग्नं अडत. तरी एखाद्या भटजीला गाठून, प्रायश्चित्त घेऊन लोक मार्ग काढत. आमची खरी अडचण जातीची नव्हतीच. आमची अडचण कल्याणला राहत होती.

कल्याणचे काका म्हणजे दादांचे शाळेपासूनचे मित्र. नात्याचे नव्हेत, पण सख्ख्यापेक्षा जास्त. कल्याणच्या कोर्टात शिरस्तेदार होते. पेन्शनीत निघाले तरी बोलणं सगळं कोर्टातलंच. दर वर्षी आषाढातल्या शेवटच्या दिवशी, दिव्याच्या अवसेला, या दोघांचा एकत्र जेवायचा नेम होता. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, मटण-मासे बंद, तेव्हा त्या दिवशी दोन्ही हातांनी जेवून घ्यायचं. एका वर्षी त्यांच्याकडे, एका वर्षी आमच्याकडे. आजारपणं आली, मुलींची लग्नं आली, काकी वारल्या, पण हा नेम काही चुकला नव्हता.

आणि याच काकांनी जातीच्या भर बैठकीत एक शब्द देऊन ठेवला होता. कुणाचा तरी मुलगा शिकायला विलायतेला गेला, तेव्हाची गोष्ट. काका उठून म्हणाले, "जो समुद्र ओलांडून येईल त्याच्या घरचं पाणी मी तोंडाला लावणार नाही." काकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांच्या शेजारी बसून त्या वेळी मान कुणी डोलावली होती? आमच्या दादांनी.

मी भीत भीत दादांना साहेबाचं बोलणं सांगितलं. दादा आडकित्त्यानं सुपारी कातरत होते. कातरायचे थांबले नाहीत. म्हणाले, "तुझ्या वयाचा होतो तेव्हा मला झांजिबारला जायचा योग आला होता. एका भाटियाच्या पेढीवर लिहायचं काम. वडील नको म्हणाले. अजून मी रोज संध्याकाळी खाडीवर जाऊन उभा राहतो. तुझ्या आईला वाटतं, हवा खायला जातो."

मी विचारलं, "आणि कल्याणचे काका?"

"तो माझा मित्र आहे, तुझा नाही. माझं मी बघून घेईन. तू जा. फक्त एक कर, आपल्या हातचं शिजवून खा. दुसऱ्याच्या चुलीवरचं नको. म्हणजे मला त्याच्याशी भांडायला जागा राहील."

त्या रात्री दादा जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. दादांचं पोट जन्मात कधी बिघडलं नव्हतं, त्यामुळे आई काय ते समजली.

निघालो. बरोबर शेगडी, तांदूळ, सोडे, आईनं कुटलेला मसाला, लिंबाच्या लोणच्याची बरणी आणि बाळकुमच्या वाडीतले पोतंभर नारळ. नारळ ही आईची शक्कल. वाटायला खोबरं, प्यायला पाणी, आणि फोडेपर्यंत कुणाचा हात आत जात नाही. देवानं आधीच सोवळ्यात बांधून दिलेली वस्तू, असं ती म्हणाली.

बोटीवर डेकवरच्या लोकांना एका कोपऱ्यात आपापलं शिजवायची मुभा होती. मी शेगडी मांडली, सोडे बाहेर काढले, आणि सगळा कोपरा रिकामा झाला. एक मारवाडी तर नाकाला उपरणं लावून बोटीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. पण माझी ऐट फार टिकली नाही. मुंबईचं बंदर दिसेनासं झालं तसा समुद्र लागला, आणि मी जो आडवा झालो तो अदन येईपर्यंत. धर्म बुडायला पोटात काहीतरी राहावं तर लागतं! माझ्या पोटात नारळाचं पाणीसुद्धा राहत नव्हतं. जातीनं माझी त्या बोटीवर परीक्षा घेतली असती तर मी शंभर नंबरी सोनं ठरलो असतो.

अदनहून लहान बोटीनं पल्याड गेलो. साहेबानं उंट घेतले, माणसं घेतली, आणि आम्ही आत निघालो. ओसाड, काटेरी मुलूख. माणसं उंच, काटक आणि बोलकी. त्यांचा म्होरक्या एक म्हातारा होता. तरुणपणी तो बोटींवर खलाशी होता, मुंबईच्या गोदीत राहून गेलेला, त्यामुळे हिंदुस्तानी बोलायचा. पहिल्याच दिवशी त्यानं मला विचारलं, "अजून तिकडे पावसात रस्त्यावर तेवढंच पाणी साचतं का?" मी म्हटलं, साचतं. तो समाधानानं हसला.

हरणं मात्र खरोखर पाहण्यासारखी होती. एकाला उंटासारखी लांब मान. मागच्या पायांवर उभं राहून झाडाचा पाला खायचं. एक गाढवाएवढं थोराड, तोंडावर काळे पट्टे, आणि डोक्यावर भाल्यासारखी सरळ लांब शिंगं. साहेब त्याला ओरिक्स म्हणायचा आणि स्वप्नातही त्याचंच नाव घ्यायचा. पण ओरिक्स काही साहेबाला जवळ येऊ देईना. आम्ही झुडपाआडून सरकावं आणि त्यांनी आमच्याकडे एकदा बघून चालू पडावं. साहेब वैतागला. वाऱ्याला दोष देऊन झाला, उंटांना दोष देऊन झाला.

शेवटी म्हाताऱ्यानं माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं. माझ्या डोक्यावर कचेरीची पगडी होती. लालभडक, चांगली रुंद. म्हणजे साहेब आणि म्हातारा पोटावर सरपटताहेत, मीही पोटावर सरपटतोय, आणि झुडपांच्या वर ठाणे जिल्ह्याची पगडी डुलत चालली आहे. साहेब म्हणाला, "काढ ती." मी म्हटलं, "साहेब, भल्या माणसानं बोडक्या डोक्यानं चारचौघांत कसं फिरायचं?" साहेब म्हणाला, "इथं चारचौघं कोण आहेत?" खरं होतं, पण सवय जात नाही. मी पगडी काढून एका बाभळीसारख्या झाडावर ठेवली आणि डोक्याला पंचा गुंडाळला.

आणि काय सांगू, एक मोठा ओरिक्स पळता पळता थांबला. त्या झाडावर हे काय उगवलंय म्हणून बघत उभा राहिला. साहेबानं बार काढला. एका गोळीत जनावर खाली. त्यानंतर साहेब रोज सकाळी आधी माझ्या पगडीची चौकशी करायचा आणि मग माझी.

पण पुढे पंचाईत झाली. जनावर जागच्या जागी मेलेलं. जिवंतपणी देवाचं नाव घेऊन सुरी फिरवली नाही, म्हणून ते लोक त्या मांसाला हात लावेनात. साहेबाला हवी होती शिंगं, आणि फार तर एखादा तुकडा. एवढं मोठं जनावर, आणि खाणार कोण? मी म्हाताऱ्याला म्हटलं, "बाबा, हे सगळं गिधाडांना घालायचं?" तो म्हणाला, "तुम्ही लोक आमच्या चुलीवरचं खात नाही, तेव्हा मी तुला कधी काही बोललो का?" मग दोघंही हसायला लागलो. हा अगदी आमच्या कल्याणच्या काकांचा सोमाली भाऊ, असं मला वाटलं.

अन्न टाकून देणं आमच्या घरात पाप. शिवाय आईची लिंबाच्या लोणच्याची बरणी तोवर रिकामी झाली होती. मी मांसाचे बोराएवढे तुकडे केले, मीठ-हळद लावून वाळवले, तिळाच्या तेलात कुरकुरीत होईपर्यंत तळले. बंदरावरच्या एका कच्छी दुकानदाराकडून लिंबं आणि मिरच्या आणलेल्या होत्या. मिरच्या दिसायला गरीब, गुणाला भयंकर. आईचा मसाला, त्या मिरच्या, लिंबाचा रस, वरून तेल. पाण्याचा थेंब लागू दिला नाही. बरणी गच्च भरून, फडकं बांधून ठेवून दिली. पुढचे ओरिक्स साहेबानं नुसते जखमी केले. त्यांच्यामागे म्हातारा सुरी घेऊन धावायचा, म्हणजे सगळ्यांची सोय व्हायची. मी माझ्या चुलीवर रांधायचो आणि तो माझ्या हातचं पोटभर खायचा. मला मात्र त्याच्या हातचं चालत नव्हतं. एकदा त्यानं उंटिणीचं ताजं दूध पुढे केलं. दूध काही शिजवलेलं नसतं, असा मी मनाशी निवाडा केला आणि प्यालो. जरा खारट असतं, पण वाईट नसतं.

होळीच्या सुमाराला घरी पोचलो. भटजींनी पंचगव्य पाजलं, मुंज झाल्यासारखं नवं जानवं घातलं. गोमूत्र घशाखाली उतरताना उंटिणीच्या दुधाची फार आठवण झाली. ठाण्यातल्या लोकांनी थोडी कुरबुर केली, पण सगळ्यांच्या नजरा कल्याणकडे. काका काय करतात ते बघायचं आणि मग आपण ठरवायचं, असा एकूण रंग. काकांकडून मात्र निरोप नाही की चिठ्ठी नाही.

दादांनी मला आल्या आल्या सगळं विचारून घेतलं. समुद्राचा रंग, अदनचे डोंगर, उंटांची चाल. सगळं दोन-दोनदा. लोणच्याची बरणी स्वतः उचलून वरच्या फळीवर ठेवली आणि बजावलं, "ही दिव्याच्या अवसेशिवाय कुणी उघडायची नाही." त्या वर्षी पाळी आमच्याकडची होती. काकांचं नाव त्यांनी तोंडातून काढलं नाही, पण संध्याकाळी खाडीवर जायचे ते आता स्टेशनाकडे जायला लागले. कल्याणची गाडी येऊन गेली की परत यायचे.

अवस उजाडली. आईनं दिवे घासून पाटावर मांडले, पूजा झाली. मटण शिजायला लागलं, निनावं, म्हणजे आमची नारळाच्या दुधातली गोड वडी, थापून झालं. दादा सकाळपासून म्हणत होते, "तो काही येत नाही, आपण वेळेवर जेवून घेऊ." आणि दर थोड्या वेळानं दाराशी जात होते.

काका आले. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात तांब्याचा तांब्या, त्याच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, आणि काखेत पुरचुंडी. आत आले नाहीत. ओट्यावर बसले, तांब्या मांडीशी ठेवला आणि आईला हाक मारून म्हणाले, "वहिनी, रागावू नका. नेम मोडायचा नाही म्हणून आलोय, आणि शब्द मोडायचा नाही म्हणून इथं बसलोय. पाणी घरचं आणलंय. पोहेही आणलेत."

आई म्हणाली, "मी कशाला रागावू? मटण तेवढं रागावेल."

दादांनी आपला पाट उचलला आणि उंबऱ्याच्या अगदी आत आणून ठेवला. आईनं त्यांचं पान वाढलं. दादांनी त्याला हात लावला नाही. काका पुरचुंडी सोडत म्हणाले, "जेव की."

"तू काय खाणार?"

"कोरडे पोहे."

"मग मलाही तेच दे."

काकांनी मूठभर पोहे दादांच्या पानात टाकले. आणि दोघं म्हातारे, मध्ये उंबरा, कोरडे पोहे चावत बसले. घासाघासाला कुर्र कुर्र आवाज. समोर मटण निवत होतं. स्वयंपाकघरात आई भांडी आपटत होती. मला हसूही येत होतं आणि रडूही. माझ्या हौसेपायी या दोघांवर ही पाळी आली होती.

शेवटी काकांनाच राहवेना. मला म्हणाले, "काय रे, तिकडे काय काय केलंस ते तरी सांग." मी सगळं सांगितलं. बोटीवरचं, पगडीचं, उंटिणीच्या दुधाचं, कातड्याच्या पखालीतलं पाणी पंच्यातून गाळून प्यायलो तेही. झाकलं काही नाही. पगडीच्या गोष्टीला काका इतके हसले की ओट्यावर पोहे सांडले. मग जरा थांबून, दुसरीकडे बघत विचारलं, "त्या हरणाचं मांस लागतं कसं?"

दादा एकदम म्हणाले, "ती बरणी आण रे."

मी बरणी आणून उंबऱ्यावर ठेवली. फडकं सोडल्याबरोबर वास सुटला. काका सावरून बसले आणि त्यांनी साक्षीदाराला विचारावं तसं मला विचारलं, "शिजवलं कुणी?"

"मी. माझ्या चुलीवर."

"शिजवलं की तळलं?"

"तळलं."

"पाणी लागलंय?"

"थेंब नाही. तेल, मीठ, लिंबू."

काकांनी बराच विचार केला. मग दादांकडे वळले. "मी शब्द दिला होता तो कशाचा?"

"पाण्याचा," दादा म्हणाले. "मी शेजारीच बसलो होतो."

"मग याला हरकत दिसत नाही," असं म्हणून काकांनी पोह्यांवर लोणचं घेतलं. पहिला घास खाल्ला आणि डोळे मिटले. दुसरा घेतला. तिसऱ्याला बरणीत खोल हात घातला, आणि तळाशी त्या कच्छ्याच्या मिरच्या होत्या. काकांना जो ठसका लागला तो थांबेचना. तोंड लाल, डोळ्यांतून पाणी, हातानं नुसत्या खुणा. आई पदर सावरत दाराशी धावली. दादांनी आपल्या पाटाजवळचा तांब्या उचलला, आमच्या विहिरीचं पाणी, आणि उंबऱ्यापलीकडे सरकवला.

काकांनी त्या तांब्याकडे पाहिलं. दादांकडे पाहिलं. आणि तो उचलून घटाघटा प्याले, तळ दिसेपर्यंत.

काकांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "गेला शब्द," म्हणाले.

"ठसक्याला काय कळतं शब्दाचं," दादा म्हणाले.

"तेही खरं." मग काका उठले, उंबरा ओलांडून आत आले आणि म्हणाले, "वहिनी, आता मटण वाढा. बाटायचंच तर पोटभर तरी बाटावं."

आईनं भिंतीला टेकवलेला पाट खाली टाकला. तो तिनं सकाळीच पुसून ठेवला होता. दोघं असे जेवले की आमच्या वाट्याला रस्साच उरला. निनावं दोनदा मागून घेतलं. त्यानंतर ठाण्यात, कल्याणात कुणाची बोलायची टाप नव्हती. काका स्वतःच सांगत सुटले, "मी जेवलोय त्यांच्याकडे. लोणचं फार तिखट होतं."

जेवणं झाल्यावर मी ओटा झाडायला बाहेर आलो. काका बसले होते तिथे त्यांचा तांब्या तसाच होता. दादांच्या तांब्यासाठी त्यांना वाकून हात लांब करावा लागला होता. हा तर त्यांच्या मांडीला लागून होता. मी उचलला. जड लागला. फडक्याची गाठही सुटली नव्हती. काठोकाठ भरलेला होता.

मी तो हातात घेऊन तसाच उभा राहिलो. आत काका झोपाळ्यावर बसून शाळेतल्या कुठल्याशा मास्तरांची नक्कल करत होते. दादा विडा लावत होते. त्यांनी मान वर केली, माझ्या हातातला तांब्या पाहिला, आणि चुना घ्यायच्या निमित्तानं दाराशी आले.

"तुळशीला घाल ते पाणी," हळूच म्हणाले, "आणि कुणाला सांगू नकोस. त्याला तर मुळीच नाही."

आता दोघंही नाहीत, म्हणून सांगितलं.